साहेबांची चाल

धाकटे जावई काय करतात, असं कुणी विचारलं की सासरे घसा खाकरून विषय बदलत. थोरला जावई पूल बांधायचा, मधला दातांचा डॉक्टर होता, आणि धाकटा चालायचा. म्हणजे चालून कुठे जायचा असं नाही. एका बंद खोलीत समोर पडदा लावून, पडद्यावर दुसराच कुणी चालत असताना हा जागच्या जागी पाय आपटायचा, आणि त्यावर त्याचा संसार चालायचा. सासरे वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. जे काट्यावर ठेवता येत नाही ते खरं नसतं, अशी त्यांची साधी धारणा होती. तिच्यात या जावयाला कुठे बसवावं हे त्यांना कळत नव्हतं.

सिनेमाच्या धंद्यात त्याला सगळे पायगुण म्हणत. शूटिंगच्या वेळी पावलांचा आवाज नीट येत नाही. येतो तो जनरेटरचा आणि दिग्दर्शकाच्या शिव्यांचा. म्हणून पिक्चर पुरा झाल्यावर सगळ्यांची पावलं नव्याने काढावी लागतात. पायगुणच्या खोलीत फरशीचे चौकोन होते, लाकडी फळ्या होत्या, खडीचा ट्रे आणि वाळूचा ट्रे होता, कुठल्यातरी मोडीतल्या जिन्याच्या लोखंडी पायऱ्या होत्या. भिंतीला लागून बुटांची रांग. त्यात उंच टाचांच्या बायकी चपलाही होत्या, त्याच्या मापाच्या, खास बनवून घेतलेल्या. नायक नायिकेच्या मागे धावला की पुढे पळणाराही पायगुण आणि पाठलाग करणाराही पायगुण. "हा जन्मभर स्वतःच्याच मागे लागलाय," असं रेकॉर्डिंग करणारा म्हणायचा.

आता असा माणूस बिचारा, साधा, नम्र वगैरे असेल असं वाटेल, तर तसं काही नव्हतं. पायगुणला स्वतःचं फार कौतुक होतं. बँकेत, दवाखान्यात, लग्नकार्यात तो लोकांच्या पायांकडे कान लावून बसायचा आणि बायकोच्या कानात शेरे मारायचा. "हा मॅनेजर टाचेत पोकळ आहे." "या बाईचं लग्न मोडणार, डावा पाय उजव्याशी बोलत नाही." बायको म्हणायची, "अहो, आधी आपला नंबर लागलाय का ते बघा." जगातली बहुतेक माणसं चुकीची चालतात आणि त्यांना नीट चालवायला एक माणूस ठेवायला हवा, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तो माणूस कोण, हे सांगायची गरज नाही.

त्याची एक विद्या मात्र खरी होती. पडद्यावर नट कंबरेच्या वरच दिसत असेल तर पाय कधी पडला हे कसं कळणार? तर खांद्यावरून. पाऊल टेकायच्या किंचित आधी माणसाचा खांदा खाली येतो. पायगुण पायांकडे कधी बघायचाच नाही. "पाय खोटं बोलतात, खांदा बोलत नाही," हे त्याचं वाक्य त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की चहावाला कपबश्या उचलता उचलता ते पुरं करायचा.

आणि त्याला एकच दुःख होतं. त्याचं नाव. ते पिक्चरच्या शेवटी यायचं, थिएटरातले दिवे लागल्यावर, जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली आणि विजेच्या तारा भाड्याने देणाऱ्यांच्या वर. त्या वेळी लोक खुर्चीखाली चप्पल शोधत असतात. सासरे एकदा हट्टाने बसून राहिले, तर नाव येण्याआधीच कुणीतरी मशीन बंद केलं. "असेल, असेल," असं म्हणत सासरे उठले. त्या 'असेल'चा पायगुणला फार राग आला. कुणीतरी मोठ्या माणसाने, भरल्या सभेत, सासऱ्यांच्या देखत आपलं नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. रात्री झोपताना तो ते मनातल्या मनात वेगवेगळ्या आवाजांत ऐकायचा.

तो मोठा माणूस एक दिवस खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

साहेब म्हणजे पडद्यावरचे सर्वांत मोठे नायक. पस्तीस वर्षं नायक. त्यांची चाल म्हणजे एक दंतकथा होती. टाच जरा उशिरा, मग पंजा सावकाश, मग मध्ये एक श्वास घ्यावा इतकी शांतता, आणि पुन्हा टाच. जणू सगळी जमीन आपलीच आहे आणि आपण भाडेकरू बघायला निघालोय. एका अख्ख्या पिढीतली पोरं आरशासमोर तसं चालून बघायची. मुलाखतीत साहेब सांगत, "ही चाल आमच्या घराण्यात आहे. माझे आजोबा असेच चालायचे." आजोबांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि ते दिवसभर बसून असायचे, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

चाल अर्थात पायगुणची होती. पहिल्या पिक्चरच्या वेळी साहेब बदकासारखे चालायचे आणि दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला होता. "कॅमेरा वर ठेवतो, खाली तू बघ," असं त्याने पायगुणला सांगितलं, आणि पायगुणने बघितलं. पुढच्या प्रत्येक पिक्चरमध्ये तो बघत आला. साहेब हळूहळू खांद्यांनी त्या आवाजाला साजेसं चालायला शिकले. पायांचं मात्र शेवटपर्यंत बदकच राहिलं.

आता तेही राहिलं नव्हतं. दोन्ही गुडघे गेले होते. साहेब सेक्रेटरीच्या खांद्यावर हात ठेवून आत आले, खुर्चीत बसले, आणि बुटांच्या रांगेकडे आपण कुणाच्या तरी घरी चुकून आलोय अशा नजरेने बघत राहिले.

"तूच का तो?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," पायगुण म्हणाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच भेट होत होती.

"पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे. जीवनगौरव की काय ते. हॉलच्या मागच्या दारातून मी स्टेजपर्यंत चालत येणार. सगळा अंधार, फक्त माझ्या चेहऱ्यावर लाइट. खाली जाड गालिचा. लोकांना ती चाल ऐकायला पाहिजे."

"गालिच्यावर आवाज येत नाही, साहेब."

"गालिचा मीच मागितलाय," साहेब शांतपणे म्हणाले.

सेक्रेटरीने बाकीचं समजावलं. स्टेजच्या मागे एक छोटी खोली. तिच्यात फळी, माईक, आणि साहेबांचा चेहरा दाखवणारा छोटा पडदा. साहेब चालतील, पायगुण वाजवेल, हॉलभर लावलेल्या स्पीकरांतून चाल ऐकू येईल. रेकॉर्डिंग करणारा धरून चौघांपलीकडे कुणाला कळता कामा नये.

पायगुणने ही संधी सोडली नाही. तो म्हणाला, "साहेब, माझं नाव घ्याल?"

"कशासाठी घेऊ? गुपित आहे ना हे?"

"कशासाठी ते नका सांगू. नुसतं म्हणा, माझ्या वाटचालीत यांचा वाटा आहे."

साहेबांना हे वाक्य आवडलं. दुसऱ्याचं वाक्य त्यांना नेहमीच आवडायचं. "घेतो," ते म्हणाले. "माझा शब्द आहे."

त्या संध्याकाळी पायगुण घरी गेला तो साहेबांच्या चालीने. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "कुठला मोठा पिक्चर मिळाला?" सत्काराचे दोन पास त्याने टेबलावर ठेवले. "बाबांना पहिल्या रांगेत बसव," त्याने सांगितलं, "आणि कानाचं यंत्र घालायला लाव." सासरे साहेबांचे जुने भक्त. जावयाच्या नावाने नव्हे, तर साहेबांच्या नावाने त्यांनी ठेवणीतला कोट इस्त्रीला टाकला.

तालमी साहेबांच्या बंगल्यातल्या लांब पडवीत झाल्या. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. साहेबांचा खांदा खाली आला की पायगुणचा पाय पडायचा. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "गंमत बघ, तुझा आवाज आला की माझा पाय आपोआप उचलतो. दुखतही नाही फारसं." पायगुण खूश झाला. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीने "चला" म्हटलं आणि काहीच झालं नाही. साहेब उभे. पायगुण उभा. सेक्रेटरी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघतोय.

"अरे, वाजव की," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचा खांदा हलला की वाजवतो."

"आवाज आल्याशिवाय खांदा कसा हलेल?"

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यामुळे दोघेही जागच्या जागी होते. शेवटी पहिलं पाऊल साहेबांनी टाकायचं, असं ठरलं. सत्कार त्यांचा, तर पाऊलही त्यांचंच. साहेबांनी मान डोलावली. पण खरं काय झालंय ते पायगुणला तिथेच कळून चुकलं होतं. पस्तीस वर्षं तो साहेबांच्या मागून चालत होता, आणि आता साहेब त्याच्या मागून चालायला लागले होते. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नाही. एकट्यानेच तिचा आनंद घेतला.

सत्काराच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. मागच्या खोलीत पायगुणने फळी पुसली, बूट घातले, लेस दोनदा बांधली. छोट्या पडद्यावर आधी अंधार होता, मग साहेबांचा चेहरा उजळला. पांढरे केस, किंचित हसू, आणि गळ्याखाली खांद्यांपुरता प्रकाश. हॉलमध्ये टाळ्या झाल्या आणि थांबल्या. सगळे कान टवकारून बसले.

खांदा हलला नाही.

पायगुण वाट बघत राहिला. साहेबांच्या डोळ्यांत त्याला स्पष्ट दिसलं की तेही वाट बघताहेत. तालमीत ठरलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. हजार माणसांची शांतता लांबत चालली. रेकॉर्डिंग करणारा पलीकडून हातवारे करू लागला. कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेत कानाचं यंत्र लावून बसलेले सासरे पायगुणच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्याने पाऊल टाकलं.

ठाक.

साहेबांचा खांदा खाली आला. हॉलमधून एक लांब उसासा उठला. दुसरं पाऊल, तिसरं, आणि साहेब आज्ञाधारक मुलासारखे चालू लागले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. इथपर्यंत ठीक होतं, आणि इथेच पायगुणने ठीक ठेवलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण त्या टाळ्या त्याच्या होत्या. जन्मात पहिल्यांदा तो वाजवत असतानाच टाळ्या ऐकू येत होत्या, दिवे लागण्याआधी, चपला शोधण्याआधी. त्याच्या अंगात आलं. बाहेर चालतोय तो सत्तरीचा म्हातारा आहे, त्याचे गुडघे चुरमुऱ्यासारखे झालेत, हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही त्याने चाल वाढवली. पहिल्या पिक्चरमधली, तिशीतली, छाती पुढे काढून चालणारी चाल त्याने काढली. साहेबांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हट्ट, मग वेदना, आणि मग पुन्हा हट्ट. कारण आपल्याच चालीच्या मागे राहणं हे साहेबांना मान्य नव्हतं. खांदे धावू लागले. टाळ्या कडकडल्या.

मग चेहरा पडद्यावरून खाली गेला. चौकटीत नुसता प्रकाशाचा गोल उरला.

याच धंद्यातला माणूस करील अशी चूक पायगुणने त्या क्षणी केली. नट चौकटीबाहेर गेला की पावलं थांबवायची नसतात. तो पडद्यावर दिसत नाही, पण चालत असतोच. त्याला मुक्कामाला पोचवायचं असतं. पस्तीस वर्षांच्या सवयीने पायगुणच्या पायांनी ते काम केलं. साहेब गालिच्यावर आडवे पडलेले, आणि हॉलभर साहेबांची चाल रुबाबात पुढे जाते आहे. पायऱ्या चढली. स्टेजवर आली. माईकपाशी येऊन थांबली. प्रकाशाचा झोत आवाजाच्या मागोमाग तिथे पोचला. माईकपाशी कुणीही नव्हतं.

हॉलमधली शांतता स्पीकरातून येत नव्हती, तरी ती पायगुणला भिंतीपलीकडून ऐकू आली.

साहेबांना दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर पायगुणचं नाव आलं, पूर्ण नाव, आडनावासकट. सेक्रेटरीच्या हवाल्याने छापलं होतं की साहेब नेहमीच्या वेगाने चालत असताना ध्वनी विभागातल्या या इसमाने जुन्या पिक्चरमधली पावलं भलत्याच ठिकाणी लावली, त्यामुळे साहेबांचं लक्ष विचलित झालं. सासऱ्यांनी ती बातमी चष्मा पुसून मोठ्याने वाचली. "आलं हो नाव," ते म्हणाले. या वेळी 'असेल' म्हणाले नाहीत.

पायगुणला रागही धड येईना. आरोप खोटा होता, पण गुन्हा खरा होता. त्याने भलती पावलं लावली नव्हती. अगदी बरोबर लावली होती, म्हाताऱ्याला पेलणार नाहीत इतकी बरोबर. हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याला स्वतःला मात्र दर पावलाला आठवत होतं. घरात तो मोजे घालून वावरायला लागला.

आठवड्याने दवाखान्यातून बोलावणं आलं. "मीही येतो," सासरे म्हणाले. "घरातल्या माणसाने पाडलंय, निदान माफी तरी मागू." मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसाल का?" पण तीही निघाली. कॉरिडॉरमध्ये बाकांवर पत्रकार बसले होते. सेक्रेटरीने पायगुणला तोंडावर रुमाल धरायला लावून बाजूच्या दाराने आत घेतलं. बाकीचे दोघे बाहेर पत्रकारांजवळ बसले.

साहेब पलंगावर होते. पाय वजनाला बांधून टांगलेला. पायगुणने हात जोडले. "साहेब, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी मुद्दाम जोरात चाललो."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "मी नट आहे, बहिरा नाही." मग म्हणाले, "तुझं नाव घेतलं मी. शब्द पाळला."

पायगुण टांगलेल्या पायाकडे बघत राहिला.

"डॉक्टर म्हणतात, आता उभं राहणं नाही," साहेब छताकडे बघत म्हणाले. "बाहेर ती गिधाडं बसलीत. दोन पिक्चर हातात आहेत. जातील." मग त्यांनी सेक्रेटरीला खूण केली. सेक्रेटरीने कपाटातून साहेबांचे बूट काढून पायगुणच्या पुढ्यात ठेवले.

पायगुणला समजायला वेळ लागला नाही. त्याने चपला काढल्या. बूट त्याला एक नंबर लहान होते. टाचा आत जाईनात. तो पलंगाच्या काठावर टेकला आणि पाय कोंबले. मग उभा राहिला आणि सवयीने वर बघितलं. उशीवर साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, आणि त्यांचा उजवा खांदा हळूच खाली आला.

ठाक.

दवाखान्याची फरशी चांगली बोलणारी होती. पायगुण पलंगापासून खिडकीपर्यंत गेला, वळला, परत आला. तरुण चाल नाही काढली. जरा थकलेली, जरा जपून टाकलेली, तरी जमीन आपलीच आहे अशी चाल काढली. आयुष्यात इतकी चांगली त्याने कधी काढली नव्हती. दर पावलाआधी उशीवरचा खांदा हलायचा, आणि पायगुण एका क्षणानेही पुढे गेला नाही. साहेबांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. दाराबाहेर आधी एकदम सामसूम झाली, मग कुणीतरी "साहेब चालताहेत," असं म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या. या टाळ्याही आपल्याच, हे पायगुण या वेळी विसरून गेला होता.

बूट काढून तो बाजूच्या दाराने बाहेर पडला. टाचा सोलवटल्या होत्या, पाय टाकवत नव्हता. भिंतीला धरत, लंगडत तो बाकाशी आला. पत्रकार फोनवर बोलण्यात गुंतले होते. सासऱ्यांनी आनंदाने डोळे पुसले, कानातलं यंत्र नीट केलं आणि जावयाकडे नखशिखान्त बघितलं.

"ऐकलंत? साहेब चालायला लागलेसुद्धा," ते म्हणाले. "तुम्हाला धड पाडताही आलं नाही, जावईबापू."